सर्वांचा एक दिवस : सार्वजनिक सुट्यांच्या विचाराची प्रस्तावना

राज्यसंस्था नागरिकांसाठी जी जी व्यवस्था करते, मग तो रस्ता असो, न्यायालय असो, टपाल असो वा शाळा असो, तिच्याविषयी आपल्याकडे पुष्कळ लिहिले गेले आहे आणि वादही कमी झालेले नाहीत. परंतु दरवर्षी सामान्य प्रशासन विभागाच्या अधिसूचनेने राजपत्रात जी एक साधी यादी प्रसिद्ध होते आणि जिच्यामुळे कोट्यवधी माणसांच्या वर्षाला काही आकार येतो, त्या सार्वजनिक सुट्यांच्या यादीचा विचार बहुधा ‘किती आणि कोणत्या वारी’ एवढ्या प्रश्नापाशीच थांबतो. नवे ‘कालनिर्णय’ स्वयंपाकघरातील खिळ्यावर चढले की घरातला प्रत्येक जण प्रथम तांबड्या तारखा चाळतो, दसरा किंवा प्रजासत्ताक दिन रविवारी आला असेल तर सुटी बुडाली म्हणून हळहळतो, शुक्रवारी वा सोमवारी आला असेल तर जोडून मिळणाऱ्या दिवसांचे बेत आखतो, आणि त्यानंतर त्याच चौकटींत दुधाचे व पेपरचे खाडे मांडण्याच्या कामी ते पान वर्षभर लागते. यात गैर काहीच नाही. विश्रांतीची ओढ ही माणसाची अत्यंत प्रामाणिक ओढ आहे आणि तिच्याकडे तुच्छतेने पाहण्याचा अधिकार ज्याने कष्ट केले नाहीत त्याला तर मुळीच नाही. तथापि जिची एवढी ओढ वाटते ती गोष्ट आली कोठून, ती कोणी झगडून मिळविली, ती सर्वांना एकाच दिवशी का मिळावी आणि ज्यांना ती मिळतच नाही त्यांची वाट काय, हे प्रश्न त्या तांबड्या आकड्यांच्या मागे उभे असतात. पुढील प्रकरणांत एकेका दिवसाचा वृत्तांत स्वतंत्रपणे येईल. त्याकडे वळण्यापूर्वी या मूळ प्रश्नांचा ऊहापोह करणे हा या प्रस्तावनेचा हेतू आहे.

आपला पूर्वकाळ सुटीला अपरिचित होता असे नाही. वेदपाठशाळांतून अष्टमी, चतुर्दशी, अमावास्या, पौर्णिमा आणि प्रतिपदा हे अनध्यायाचे दिवस मानले जात आणि त्या दिवशी गुरूने नवा पाठ देऊ नये असा निर्बंध असे. कोकणात ‘मोडा’ पाळून आठवड्यातील ठरावीक वारी नांगर धरीत नसत, तर देशावर अनेक गावी महादेवाचा वार म्हणून सोमवारी औत जुंपण्यास मनाई असे. तो नियम देवाच्या नावाने सांगितला जात असला तरी त्याचा लाभ बैलाला आणि बैलामागे चालणाऱ्या माणसाला मिळत असे. या जुन्या व्यवस्थेचे सर्वांत सुंदर रूप पोळ्याच्या आदल्या सायंकाळी पाहावयास मिळते. वर्षभर जू वाहून कातडी घट्ट आणि केस झडून गेलेल्या बैलाच्या खांद्यावर ऊन पाण्याचा शेक देतात, हळद आणि लोणी वा तूप एकत्र करून ते तळहाताने हळूहळू चोळतात, आणि चोळता चोळताच त्याला दुसऱ्या दिवशीच्या जेवणाचे आवतण देतात. या विधीला खांदमळणी म्हणतात, विदर्भात खांदशेकणी म्हणतात. दुसऱ्या दिवशी त्या खांद्यावर कोणी जू ठेवीत नाही, पाठीवर झूल येते, शिंगांना रंग लागतो आणि घरची लक्ष्मी त्याला पुरणपोळीचा घास भरवते. ज्या अवयवाने काम केले त्याच अवयवाची कृतज्ञतेने शुश्रूषा करावी आणि मगच त्याला मोकळे करावे, इतकी सूक्ष्म समज ज्या समाजाने जनावरासंबंधाने दाखविली, त्या समाजाला विश्रांतीचे तत्त्व बाहेरून शिकविण्याचे कारण नव्हते.

परंतु ही सारी विश्रांती धंद्याधंद्याने, जातीजातीने आणि गावागावाने वाटलेली होती. ब्राह्मणाच्या अनध्यायाशी कुणब्याचा संबंध नव्हता, कुणब्याच्या मोड्याशी कोष्ट्याचा नव्हता, आणि गावकीची कामे ज्यांच्या माथी मारलेली होती त्यांना तर सणाच्या दिवशी इतर दिवसांहून अधिकच राबावे लागे. सर्व जातिधर्मांच्या, सर्व धंद्यांच्या माणसांना एका तारखेस एकदमच मोकळीक मिळावी ही कल्पना जुन्या व्यवस्थेत बसण्यासारखीच नव्हती. तिला जन्म दिला तो गिरणीने. आणि तोही स्वेच्छेने नव्हे.

मुंबईत कावसजी दावर यांनी १८५४ साली कापडाच्या गिरणीची उभारणी केली आणि पुढील तीस वर्षांत गिरणगावाचा विस्तार झाला तेव्हा कोकणातून आणि घाटावरून आलेल्या हजारो माणसांच्या आयुष्यातून ऋतू, तिथी आणि वार हे सर्व एकदमच नाहीसे झाले. विजेचे दिवे अद्याप आले नव्हते, म्हणून सूर्य उगवल्यापासून मावळेपर्यंत यंत्र चालावयाचे, आणि उन्हाळ्यात सूर्य लवकर उगवतो व उशिरा मावळतो याचा दंड मजुराच्या हातापायांनी भरावयाचा. काही मोठ्या सणांना गिरण्या बंद राहत. एरवी यंत्र साफ करण्यासाठी ते थांबवावे लागे तेवढाच खंड, आणि त्या साफसफाईसाठीही मजुरालाच हजर राहावे लागे. म्हणजे विश्रांती होती ती यंत्राला होती. १८८१ चा पहिला फॅक्टरी कायदा झाला त्याने सात ते बारा वर्षांच्या मुलांचे काम नऊ तासांवर आणले आणि त्यांना महिन्याकाठी चार सुट्या दिल्या. प्रौढ पुरुषांविषयी आणि स्त्रियांविषयी तो कायदा काही बोलला नाही.

अशा काळात नारायण मेघाजी लोखंडे या गृहस्थांनी जे कार्य केले त्याची आठवण प्रत्येक रविवारी व्हावयास हवी, इतके ते आपल्या जीवनाशी निगडित आहे. १८४८ साली ठाण्यास जन्मलेले, जोतीराव फुले यांच्या सत्यशोधक विचारांत वाढलेले, काही काळ स्वतः गिरणीत नोकरी केलेले लोखंडे १८८० पासून ‘दीनबंधु’ पत्र चालवीत होते. सप्टेंबर १८८४ मध्ये त्यांनी परळ येथे गिरणी कामगारांच्या सभा भरविल्या आणि सुमारे साडेपाच हजार कामगारांच्या सह्यांचे एक निवेदन तयार केले. त्या निवेदनातील मागण्या आज वाचल्या असता त्यांच्या मर्यादशीलतेनेच मन व्यथित होते : आठवड्यातून रविवारी एक दिवस पूर्ण सुटी असावी, दुपारी अर्धा तास विसावा मिळावा, काम सकाळी साडेसहास सुरू होऊन सूर्यास्तास संपावे, महिन्याचा पगार पुढील महिन्याच्या पंधरा तारखेपर्यंत हाती पडावा, कामावर अपघात होऊन कोणी जायबंदी झाला तर त्याच्या उपजीविकेची काही तजवीज व्हावी. यांत अवास्तव असे काय होते? तरीही सहा वर्षे त्या मागण्यांचा पाठपुरावा करावा लागला. २४ एप्रिल १८९० रोजी महालक्ष्मीच्या मैदानावर सुमारे दहा हजार कामगार जमले आणि त्या सभेत दोन कामगार स्त्रियांनी भाषणे केली. ज्या काळात सुशिक्षित घरांतील स्त्रीने चार पुरुषांसमोर बोलणे हा गहजबाचा विषय होई त्या काळात, दिवसभर साच्यावर उभ्या राहणाऱ्या या स्त्रिया हजारोंच्या समुदायापुढे विसाव्याचा हक्क मागण्यास उभ्या राहिल्या, ही घटना आपल्या सामाजिक इतिहासात जेवढ्या ठळकपणे नोंदली जावयास हवी होती तेवढी नोंदली गेलेली नाही. १० जून १८९० रोजी गिरणीमालकांच्या संघाने रविवारची सुटी मान्य केली. पुढच्याच वर्षी दुरुस्त झालेल्या कायद्याने साप्ताहिक सुटीचे तत्त्व सर्व कामगारांना लागू झाले.

रविवार हा साहेबाच्या प्रार्थनेचा दिवस होता हे खरेच, आणि सरकारी कचेऱ्यांत तो त्यामुळेच आधीपासून पाळला जात होता. परंतु महाराष्ट्रात तो खंडोबाचाही वार आहे, आणि जेजुरीच्या पायऱ्यांवर रविवारी जी गर्दी लोटते तिला हा दिवस परका वाटण्याचे कारण नव्हते. रविवार साहेबाने दिला अशी जी एक सर्वसाधारण समजूत रूढ आहे ती अर्धीच खरी आहे. कचेरीतल्या कारकुनाचा रविवार साहेबाने दिला; साच्यावरच्या कामगाराचा रविवार कामगाराने मिळविला.

आता कायद्याची दुसरी बाजू पाहू. ‘सार्वजनिक सुटी’ या संज्ञेची आपल्याकडील कायदेशीर व्याख्या जेथे सापडते ते ठिकाण सामान्य वाचकाला आश्चर्याचे वाटेल. ती ना कोणत्या कामगार कायद्यात आहे, ना कोणत्या धर्मविषयक कायद्यात. ती आहे १८८१ च्या परक्राम्य संलेख अधिनियमात, म्हणजे वचनचिठ्ठ्या, विनिमयपत्रे आणि धनादेश यांच्या कायद्यात. वचनचिठ्ठीची मुदत ज्या दिवशी भरते तो दिवस सार्वजनिक सुटीचा असेल तर काय करावे, हा व्यापाऱ्याचा प्रश्न होता; आणि कलम २५ ने त्याचे उत्तर असे दिले की अशी रक्कम लगतच्या आधीच्या कामकाजाच्या दिवशी देय झाली असे समजावे. ऋणकोला एक दिवस अधिक देण्याऐवजी एक दिवस कमी देणारे हे कलम आहे. त्याच्याच स्पष्टीकरणात सार्वजनिक सुटीत रविवारचा आणि सरकार राजपत्रातून जाहीर करील त्या इतर दिवसांचा समावेश होतो असे म्हटले आहे. पुढे केंद्र सरकारने हा अधिकार राज्य शासनांकडे सोपविला आणि आजही महाराष्ट्र शासन ज्या वीस-पंचवीस सुट्या दरवर्षी जाहीर करते त्यांच्या अधिसूचनेच्या मथळ्याशी याच कायद्याचा हवाला असतो. गुढीपाडवा, रमझान ईद, महावीर जयंती, गुड फ्रायडे, बुद्धपौर्णिमा, पारशी नववर्ष आणि गुरुनानक जयंती हे सारे दिवस सावकारी देवघेवीच्या कायद्याच्या छत्राखाली एकत्र आलेले आहेत. मला यात खेद करण्यासारखे काही दिसत नाही. ज्या कायद्याला कोणाच्याही श्रद्धेशी कर्तव्य नव्हते, ज्याला फक्त एवढेच जाणून घ्यावयाचे होते की आज पेढी उघडी आहे की बंद, त्याच कायद्याच्या आश्रयाने सर्वांच्या श्रद्धांना सारख्याच योग्यतेचे स्थान मिळाले. धर्मशास्त्रांच्या आधारे अशी यादी करावयास कोणी बसले असते तर ती इतक्या निर्वेधपणे सिद्ध झाली असती असे वाटत नाही.

येथे एका मूलभूत भेदाकडे वाचकाचे लक्ष वेधणे अवश्य आहे, कारण या संपूर्ण विषयाचे मर्म माझ्या मते त्या भेदात आहे. रजा आणि सार्वजनिक सुटी या दोन गोष्टी दिसण्यात सारख्या असल्या तरी त्यांचा स्वभाव अगदी निराळा आहे. रजा मागावी लागते. तिच्यासाठी अर्ज लिहावा लागतो, त्यात ‘घरगुती कारणास्तव’ असे ठरावीक शब्द घालावे लागतात, साहेबांची मर्जी पाहून तो पुढे ठेवावा लागतो, आणि ती मंजूर झाली तरी आपल्या मेजावर काम साचत असल्याची जाणीव रजेच्या प्रत्येक तासाला सोबत करते. सार्वजनिक सुटीला अर्ज नाही, कारण नाही आणि उपकारही नाही. त्या दिवशी खातेप्रमुख आणि शिपाई हे दोघेही सारख्याच अधिकाराने घरी असतात, आणि कोणाच्याच मेजावर काम साचत नाही, कारण काम पाठविणाराही घरीच असतो. सर्वजण एकदम थांबतात म्हणूनच प्रत्येकाला निश्चिंतपणे थांबता येते. ही निश्चिंतता कितीही भरपगारी रजा दिल्या तरी एकट्याला विकत घेता येत नाही.

या तत्त्वाची कसोटी एका मोठ्या राष्ट्राने स्वतःवर करून पाहिली आहे. सोव्हिएत रशियाने १९२९ साली उत्पादन अखंड चालावे म्हणून सात दिवसांचा आठवडा मोडला, कामगारांचे पाच गट करून त्यांना पाच रंग दिले आणि प्रत्येक गटाला पाच दिवसांतून एक वेगवेगळा दिवस विश्रांतीचा ठरवून दिला. हिशेबाने पाहता हे कामगाराच्या फायद्याचेच होते, कारण सातातून एकाऐवजी पाचातून एक दिवस मिळत होता. प्रत्यक्षात पतीचा रंग एक आणि पत्नीचा दुसरा, मित्राचा तिसरा आणि मुलांच्या शाळेचा चौथा अशी स्थिती झाली. माणसाला मोकळा दिवस मिळाला, पण त्या दिवशी भेटावयास माणूस मिळेना. १९३१ साली ती योजना गुंडाळून सर्वांना समान सुटीचा दिवस परत द्यावा लागला आणि १९४० मध्ये सात दिवसांचा आठवडाही परतला. आज आपल्याकडे ज्या आस्थापना ‘सार्वजनिक सुट्या कमी करून प्रत्येकाला हव्या तेव्हा वैयक्तिक रजा द्याव्यात’ असे सुचवितात, आणि तिन्ही पाळ्यांत चालणाऱ्या ज्या कचेऱ्यांतील तरुणांना मंगळवारी वा बुधवारी साप्ताहिक सुटी देतात, त्यांनी त्या अनुभवाकडे लक्ष द्यावे. मंगळवारी घरी असलेला मुलगा आणि रविवारी घरी असलेले आईबाप एकाच छपराखाली राहूनही एकमेकांना पाहुणे होतात, हे पुण्यातील आणि ठाण्यातील अनेक घरांत मी पाहिले आहे.

समाजाने एकत्र थांबावे ते कोणत्या दिवशी, हा पुढचा प्रश्न. आणि येथे सुटीचे स्वरूप विश्रांतीच्या पलीकडे जाते. जो दिवस राज्य सुटीसाठी निवडते तो दिवस ते स्मरणासाठीही निवडत असते. २६ जानेवारी, १५ ऑगस्ट आणि २ ऑक्टोबर या तीन राष्ट्रीय सुट्या साऱ्या देशाच्या. १ मे हा महाराष्ट्राचा आणि जगभरच्या कामगारांचा एकच दिवस आहे हा योग मला अत्यंत अर्थपूर्ण वाटतो, कारण १९६० साली या दिवशी अस्तित्वात आलेल्या मुंबईसह महाराष्ट्रासाठी झालेल्या लढ्यात गिरणगावाचा वाटा फार मोठा होता. गोव्याची यादी पाहावी तर तेथे १९ डिसेंबरचा मुक्तिदिन आहे, ३ डिसेंबरचे संत फ्रान्सिस झेवियरचे फेस्त आहे आणि चवथीच्या दुसऱ्या दिवशीचीही सुटी आहे. त्या भूमीचा गेल्या पाच शतकांचा इतिहास त्या एका यादीवरून कोणालाही वाचता यावा. १४ एप्रिलला चैत्यभूमीपासून खेड्यातल्या समाजमंदिरापर्यंत जे जनसमूह एकत्र येतात त्यांना ही सुटी म्हणजे केवळ मोकळा दिवस वाटत नाही. ज्यांच्या पूर्वजांना इतरांच्या सणाच्या दिवशी अधिक राबावे लागत होते त्यांच्या उद्धारकर्त्याच्या जन्मदिनी राज्याची सारी दप्तरे बंद राहतात, हा त्यांच्या दृष्टीने न्यायाचा भाग आहे, आणि तो तसाच आहे.

अर्थात अशी सुटी न्यायालयाकडून हक्क म्हणून मागता येत नाही. दादरा नगर हवेलीचा २ ऑगस्ट हा मुक्तिदिन प्रशासनाने सुट्यांच्या यादीतून वगळला, तेव्हा त्याविरुद्ध मुंबई उच्च न्यायालयात दाद मागण्यात आली. १९५४ सालच्या त्या मुक्तिसंग्रामात सुधीर फडके यांच्यासारख्या मराठी माणसांनी शस्त्र हाती घेतले होते, त्यामुळे महाराष्ट्रालाही त्या दिवसाविषयी ममत्व असणे स्वाभाविक होते. जानेवारी २०२२ मध्ये न्यायालयाने असा निर्णय दिला की अमुक दिवस सार्वजनिक सुटीचा असावा असा कायद्याने बजावता येण्याजोगा अधिकार कोणालाही नाही, तो धोरणाचा प्रश्न आहे. आणि सुट्या वाढविण्यापेक्षा कमी करण्याची वेळ आली असल्याचे मतही प्रदर्शित केले. निर्णयाचा पहिला भाग मला सर्वथैव ग्राह्य वाटतो. दुसऱ्या भागातील चिंताही समजण्यासारखी आहे, कारण खेड्यातून पदरमोड करून तालुक्याच्या कचेरीत सातबाऱ्यासाठी आलेल्या शेतकऱ्याला, किंवा वर्षानुवर्षे तारखांना हेलपाटे घालणाऱ्या पक्षकाराला, बंद दारावरची पाटी वाचून परत जावे लागते तेव्हा त्याच्या लेखी ती सुटी दुसऱ्या कोणाची असते. २९ फेब्रुवारी २०२० पासून राज्य शासनाच्या कार्यालयांना पाच दिवसांचा आठवडा लागू झाल्यावर हा प्रश्न अधिकच विचारात घेण्याजोगा झाला आहे. तरी सुट्यांची संख्या हे या दुखण्याचे मूळ आहे असे मला वाटत नाही. उघड्या दिवशी जे काम होत नाही ते सुट्या कमी केल्याने होईल असा भरवसा कोणी द्यावा?

सुट्यांच्या यादीने समाजात कटुता वाढते, प्रत्येक समूह आपल्या थोर पुरुषासाठी एक तारीख मागतो, असाही आक्षेप घेतला जातो. या आक्षेपात तथ्य आहे. काही मागण्या स्मरणापेक्षा स्पर्धेपोटी पुढे येतात आणि काही जयंत्यांना ध्वनिक्षेपकांच्या भिंतींखेरीज दुसरे काही उरत नाही, हे पाहून ज्या महापुरुषांच्या नावाने हे चालते त्यांच्याविषयी आदर असणाऱ्या प्रत्येकाला क्लेश होतात. परंतु याच्या उलट बाजूचा एक दाखला अगदी अलीकडचा आहे. २०२३ साली अनंत चतुर्दशी आणि ईद-ए-मिलाद हे दोन्ही दिवस २८ सप्टेंबरला एकत्र आले. एकीकडे गणपती विसर्जनाच्या मिरवणुका आणि दुसरीकडे ईदचा जुलूस, आणि मुंबईचे रस्ते तेवढेच. मुस्लिम समाजातील धुरीणांनी आपला जुलूस एक दिवस पुढे नेण्याचे आपण होऊन ठरविले आणि त्यानुसार शासनाने ईदची सुटी २९ तारखेस जाहीर केली. पुढील वर्षी हे दोन दिवस लागोपाठ आले तेव्हाही मुंबईत तोच मार्ग अनुसरला गेला. एरवी नुसता आकडा वाटणारी सुटीची तारीख येथे एका समाजाने दुसऱ्याला दाखविलेल्या आस्थेची शासकीय नोंद झाली. त्या दोन दिवसांत शहरात ज्या निर्धास्तपणे मिरवणुका निघाल्या त्याची किंमत कोणत्याही उत्पादनाच्या हिशेबात धरलेली नसते.

मात्र सर्वांच्या दिवशी सर्वजण थांबत नाहीत, ही या विषयातली सर्वांत कठीण गोष्ट आहे. काहींना थांबता येणारच नाही. विसर्जनाच्या रात्री बंदोबस्तावरचा पोलीस, दिवाळीच्या पहाटे आगाराबाहेर गाडी काढणारा एसटीचा चालक, प्रसूतिकक्षातील परिचारिका, वीज उपकेंद्रातला तंत्रज्ञ यांच्या कामावरच इतरांची सुटी उभी असते. त्यांना बदली सुटी मिळावी, ती कागदावर जमा होऊन वर्षाअखेर रद्द न होता खरोखर उपभोगता यावी, एवढी दक्षता घेणे समाजाचे किमान कर्तव्य आहे. परंतु ज्यांना थांबता येण्यासारखे असूनही थांबू दिले जात नाही त्यांची संख्या याहून फार मोठी आहे. महाराष्ट्रातील दुकाने व आस्थापना यांच्या २०१७ च्या कायद्याने कामगारांना वर्षाकाठी आठ भरपगारी सणाच्या सुट्या दिल्या. त्यांत २६ जानेवारी, १ मे, १५ ऑगस्ट आणि २ ऑक्टोबर या चार ठरलेल्या, उरलेल्या चार परस्परसंमतीने ठरवावयाच्या. कायदा चांगला आहे. पण तो मुळात लिहिला गेला दहा वा अधिक कामगार असलेल्या आस्थापनांसाठी. कोपऱ्यावरच्या वाण्याकडे काम करणारा एकटा पोऱ्या, बांधकामावरचा बिगारी आणि दुचाकीवरून घरोघर जेवण पोचविणारा तरुण यांच्यापर्यंत त्याचा हात पोहोचत नाही. दसऱ्याच्या दुपारी श्रीखंड मागविणाऱ्या घराचे दार आणि ते घेऊन येणाऱ्याच्या घरचे दार यांत आज जे अंतर पडले आहे ते आपल्यापैकी प्रत्येकाला लज्जित करणारे आहे.

१९८० साली पुण्यातील मोलकरणींनी संप केला. त्यांच्यामागे कोणी मोठा पक्ष नव्हता. एका भागात काम बंद झाले, ते दुसऱ्या भागात पसरले, आणि त्यातून त्यांची संघटना उभी राहिली. पगारवाढीइतकीच आग्रहाची मागणी हक्काच्या सुट्यांची होती, म्हणजे आजारी पडल्यावर वा माहेरी लग्नकार्य निघाल्यावर गयावया करून मिळविलेला आणि पगारातून कापून घेतलेला खाडा नको, तर न कापला जाणारा दिवस हवा. २००८ साली घरेलू कामगारांसाठी कल्याण मंडळाचा कायदा झाला. सुटी मात्र अद्याप बहुतेक घरांत मालकिणीच्या मर्जीवरच चालते, आणि ज्या घरांत गृहिणी स्वतः नोकरी करते, स्वतःच्या सुट्या काटेकोरपणे मोजते, त्या घरांतही हे चालावे याचे मला वाईट वाटते.

याहून बिकट स्थिती ऊसतोडीची आहे. बीड आणि आसपासच्या जिल्ह्यांतून दसरा-दिवाळीच्या सुमारास हजारो जोडपी मुकादमाकडून उचल घेऊन साखर कारखान्यांच्या प्रदेशात जातात आणि उन्हाळ्यापर्यंत उसाच्या फडात राबतात. नवरा-बायको मिळून एक कोयता मोजला जातो. दोघांपैकी एकाने एक दिवस जरी काम सोडले तरी तो खाडा धरतात आणि त्याचा दंड उचलीच्या हिशेबात चढतो. या खाड्याच्या धास्तीने बाई मासिक पाळीच्या वेदनांतही फडात उभी राहते, बाळंतपणानंतर काही दिवसांतच मोळी उचलते. आणि २०१९ साली बीड जिल्ह्यातील या स्त्रियांच्या गर्भाशय काढण्याच्या शस्त्रक्रियांचा प्रश्न विधिमंडळापर्यंत पोचून चौकशी समिती नेमावी लागली तेव्हा त्या शस्त्रक्रियांमागील कारणांत हा खाडा टाळण्याचे कारणही पुढे आले. कारखाना साफसफाईसाठी किंवा बिघाडामुळे थांबला म्हणजे तोड थांबते, आणि त्या दिवशी कोप्यांसमोर, म्हणजे झोपड्यांसमोर, बाया साठलेले धुणे काढतात, पोरांची डोकी धुतात, कोयत्यांना धार लावतात. ही विश्रांती पुन्हा यंत्राचीच आहे, परळच्या गिरण्यांत १८९० पूर्वी होती तशी. गाळप हंगामाच्या करारात कारखाना, मुकादम आणि टोळी या तिघांच्या सह्यांनी आठवड्याचा एक ठरलेला भरपगारी दिवस लिहिला जावा, त्या दिवशी खाडा धरू नये, आणि या अटीची तपासणी कामगार खात्याच्या निरीक्षकाने फडावर जाऊन, कोप्यांवरच्या बायकांना विचारून करावी. उसाची वाहने थांबविण्याचा तो दिवस सर्व कारखान्यांनी मिळून एकच ठरविला, तर गावी आजीजवळ ठेवलेल्या मुलांना भेटून येण्याची सोय तरी त्यांना होईल.